कोणाचंच शस्त्र नको

माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून मला मस्कतला पाठवलं, असं घरात कोणी म्हणालं नाही. पण तिकीट काढलं ते त्यासाठीच. औरंगाबादला विद्यार्थी संघटनेत मी पत्रकं लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, अडवून ठेवलेल्या शिष्यवृत्त्या, एका प्राध्यापकाची घाणेरडी जीभ. पत्रक कसं लिहायचं ते मला कळत होतं. मथळा प्रश्नाचा हवा, पहिलं वाक्य शिवीच्या जरा अलीकडे थांबायला हवं, आणि मागणी एकच हवी, उभ्या उभ्या वाचून होईल एवढी. दोनदा पोलीस चौकीत बसवून ठेवल्यावर वडिलांनी दादाला फोन केला.

दादा मस्कतबाहेर रुसैलला केबलच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. त्याने रुवीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत माझ्यासाठी टायपिस्टची जागा बघून ठेवली आणि विमानतळावरून घरी नेताना गाडीतच सगळं सांगून टाकलं. इथे पत्रक काढायचं नाही, सभा घ्यायची नाही, सह्यांची मोहीम तर नाहीच नाही. एवढं पाळलं तर बाकी सगळं छान आहे.

बाकी सगळं छान होतं, हेच मला झेपत नव्हतं. रस्ते धुतल्यासारखे. माणसं गाडी थांबवून रस्ता ओलांडू देणारी. फ्लॅटमध्ये दिवसभर एसीची घरघर, खिडकीच्या काचेपलीकडे उन्हाने पांढरा पडलेला डोंगर. मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायचे. वहिनी नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत्या. ती म्हणायची, "तू बस गं एका जागी, मला वाटतं पेशंट उठून पळाला." पण बसून करायचं काय? भांडायला कोणी नव्हतं.

सकाळी मी भाचीच्या शाळेच्या, म्हणजे तिथल्या भारतीय शाळेच्या व्हॅनमधूनच जायचे, कारण माझं ऑफिस शाळेच्या पुढच्या वळणावर होतं. व्हॅन चालवायचे ते एक वयस्क ओमानी गृहस्थ, सूर बंदराचे. त्यांच्या वडिलांचं गलबत होतं, त्यामुळे लहानपणी मुंबई त्यांनी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा जास्त पाहिली होती. हिंदी बोलायचे ते जुन्या बंदरातलं, थोडं गुजराती मिसळलेलं. मुलं त्यांना अम्मो म्हणायची, म्हणजे काका. मी पुढच्या सीटवर बसायचे, मागे मुलं इंग्रजीत कलकलायची आणि अम्मो दर सिग्नलला मला विचारायचे, तुझं लग्न कधी. मी म्हणायचे, तुमच्याकडे सभाबंदी उठेल तेव्हा. त्यांना ते कळायचं नाही, आणि ते खूश होऊन "इन्शाल्ला" म्हणायचे.

शाळेच्या फाटकावर चाचा असायचे. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. आधी कितीतरी वर्षं बांधकामावर उन्हात लोखंड बांधलं आणि मग त्यांच्या कंपनीने त्यांना वॉचमन केलं. फाटकाला सावली होती, खुर्ची होती आणि मुख्य म्हणजे गणवेश होता, खांद्यावर पट्टी असलेला. त्या गणवेशातला फोटो त्यांनी गावी पाठवला होता. भाचीशी मी मराठीत बोलताना ऐकलं आणि त्यांनी मला हटकलं, "आपल्याकडची काय गो बाय तू?" तेव्हापासून रोज दोन मिनिटं तरी बोलणं व्हायचं. चाचा गोड माणूस होते असं मी म्हणणार नाही. अधिकाराची त्यांना हौस होती. पाचवीतल्या पोरांनासुद्धा ते "लायनीत" म्हणून असं दटावायचे की मला आमच्या चौकीतला हवालदार आठवायचा. पण मराठीत दटावणारा माणूस मला तिथे दुसरा कोणी मिळाला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका शाळेत दोन मुलं बंदुका घेऊन गेली आणि त्यांनी आपल्याच शाळेतली माणसं मारली. आमच्याकडे डिशवर चार-पाच इंग्रजी बातम्यांची चॅनलं दिसायची. आठवडाभर तेच. मैदानातून डोक्यावर हात ठेवून पळणारी मुलं, आणि मग कोट घातलेले पुढारी. एक म्हणे बंदुका कमी करा, दुसरा म्हणे मास्तरांकडे बंदुका असत्या तर हे झालं नसतं, तिसरा सिनेमाला आणि गाण्यांना शिव्या घालत होता, चौथा म्हणे शाळेत प्रार्थना सुरू करा. मी टीव्हीसमोर उभी राहून त्यांना उत्तरं द्यायचे. वहिनी म्हणायची, त्यांना मराठी येत नाही, हळू बोल.

भाची आठ वर्षांची. एकदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, आमच्या स्कूलमध्ये पण कोणी गन आणणार? मॅम बोलली की डेस्कच्या खाली बसायचं आणि आवाज नाही करायचा." मी म्हटलं, इथे कोणाकडे गन नसते. ती म्हणाली, "पण टीव्हीमध्ये ते पण बोलले, कोणाला माहीत नव्हतं." मी टीव्ही बंद केला. तिला घरात कुठेही टेबल दिसलं की ती खाली वाकून बघायची, मावते का.

आमच्याकडे शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, वंदना असायची. महाराष्ट्रातून आलेली सात-आठ बौद्ध कुटुंबं आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायची, वंदना व्हायची आणि मग जेवण आणि गप्पा, संध्याकाळ होईपर्यंत. बहुतेक पुरुष इंजिनियर, हिशेबाने बोलणारे. त्या शुक्रवारी मात्र कोणी हिशेबाने बोलत नव्हतं. एक काका म्हणाले, शाळेला बंदूकवाला पहारेकरी हवा, आपल्या फौजेतून निवृत्त झालेला आणता येईल. दुसरे म्हणाले, इथे खासगी पहारेकऱ्याला बंदूक देतंय कोण, आणि ते खरंच होतं. पण काका ऐकेनात. एक काकू म्हणाल्या, तिकडे संस्कार नाहीत म्हणून होतं, आपल्याकडच्या शाळेत असं कधी ऐकलंय का?

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, काकू, तुमच्या वडिलांना शाळेत कुठे बसवायचे? दाराबाहेर. माझ्याही वडिलांना. माठाला हात लावला म्हणून माझ्या आजोबांच्या पाठीवर काय उठलं ते मी पाहिलंय, म्हातारपणीसुद्धा ते वळ दिसायचे. शाळा ही मुळात सुरक्षित जागा असते आणि तिथे बाहेरून कोणीतरी संकट आणतो, हे आपल्या लोकांना कधीपासून पटायला लागलं? शाळेत मुलांना मारतो तो बहुधा आतलाच असतो. त्याच्या हातात तुम्ही बंदूक देणार?

 मग काका दादाला म्हणाले, "बहिणीला ओपन फोरममध्ये बोलायला लाव. इथे आमचं जेवण गार होतंय."

ओपन फोरम म्हणजे शाळेच्या सभागृहात होणारी पालकांची सभा. तिथे फक्त पालकांनी बोलायचं. मी आत्या, म्हणजे कोणीच नाही. म्हणून मी अर्धा कागद लिहिला आणि दादाने तो वाचायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. दादा दोन दिवस म्हणत होता, सौम्य कर. मी एक विशेषण काढलं.

सभेत आधी बराच गोंधळ झाला. कोणाला विमानतळासारखी कमान हवी होती, कोणाला भिंत वाढवून हवी होती, बंदूकवाल्या पहारेकऱ्याची मागणी तर तिघांनी केली. अध्यक्ष मस्कतच्या मत्रह बाजारातले जुने व्यापारी, सगळ्यांना "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत होते. मग दादा उठला. त्याने माझा कागद इंग्रजीत करून वाचला, मान खाली घालून, यंत्राची माहिती वाचावी तसा. बंदुकीपासून मुलांना वाचवायला आणखी एक बंदूक आणणं म्हणजे आग विझवायला रॉकेल आणणं, असं पहिलं वाक्य. आणि शेवटी मागणी: शाळेच्या फाटकाच्या आत एकही शस्त्र नको. पहारेकऱ्याचं नको, पाहुण्याचं नको, खेळण्यातलंसुद्धा नको. कोणाचंच नको.

टाळ्या पडल्या. मला वाटतं, लोकांना शस्त्रांपेक्षा सभा संपवायची घाई होती, कारण ही एकच मागणी अशी होती की जिला काही खर्च नव्हता. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले आणि सभागृहभर हात वर झाले. काकांचाही. आयुष्यात माझी पहिल्यांदाच एखादी मागणी जशीच्या तशी मान्य झाली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते.

फाटकावर पाटी लागली, इंग्रजीत आणि हिंदीत. अरबीत लावावी असं कोणाला सुचलं नाही. शाळा आपली, मुलं आपली, पालक आपले, अरबी कशाला?

चाचांना तो नियम फार आवडला. इतके दिवस ते नुसते फाटक उघडायचे आणि लावायचे, आता त्यांना तपासायचं होतं. पिचकाऱ्या निघाल्या, प्लास्टिकची पिस्तुलं निघाली, एका मुलाच्या दप्तरातून कैरीसाठी आणलेली सुरी निघाली. चाचांनी कंपासमधलं टोकदार कर्कटकसुद्धा काढून घ्यायला सुरुवात केली तेव्हा गणिताच्या बाई खाली आल्या आणि वाद झाला. क्रिकेटच्या बॅटीवर तर दोन दिवस चर्चा चालली. मला चाचा म्हणाले, "बाय, तुज्या भावान् बोलला तो बरा झाला. नायतर आमी हितं काय, दरवाज्याची कडी." मी खूश होते. नियम केला की तो पाळणारा माणूस लागतो, आणि तो मिळाला होता.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबरमध्ये ओमानचा राष्ट्रीय दिन. विमानतळापासून रुवीपर्यंत रस्त्यावर दिव्यांच्या माळा, गाड्यांवर झेंडे. शाळेत कार्यक्रम, मंत्रालयातून पाहुणे येणार, मुलांचा ओमानी नाच. पंधरा दिवस भाचीच्या वर्गात पुठ्ठ्याचे खंजर करणं चाललं होतं. वाकडं म्यान, वर चंदेरी कागद. हा खंजर ओमानात सगळीकडे असतो. नोटेवर असतो, झेंड्यावर असतो, चौकातल्या कमानीवर असतो. सणासुदीला पुरुष तो कमरेला लावतात. मी रोज तो पाहत होते, रोज त्याच नोटा मोजत होते, आणि एप्रिल ते नोव्हेंबर माझ्या डोक्यात त्या पाटीचा आणि या खंजराचा संबंध एकदाही आला नाही. त्या सभागृहात हात वर करणाऱ्या कोणाच्याच आला नाही. आपण वर्षानुवर्षं एखाद्या देशात राहतो, खातो, मुलं वाढवतो, आणि नियम करताना तो देश आपल्याला दिसत नाही.

त्या सकाळी अम्मो आले ते ओळखू येईनात. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला रंगीत पटका आणि कमरेला खंजर, चांदीचा, वापरून वापरून मऊ झाल्यासारखा. म्हणाले, बापाचा आहे. आज कार्यक्रम बघायचं त्यांना शाळेने आमंत्रण दिलं होतं. व्हॅनला झेंडे लावले होते, मागे मुलं पुठ्ठ्याचे खंजर लावून आरडत होती आणि अम्मो गाडीत गाणं म्हणत होते. मला त्या दिवशी प्रथमच तिथे बरं वाटत होतं.

चाचांनी फाटकात हात आडवा केला. आधी मुलांचे पुठ्ठ्याचे खंजर. खोका तयारच होता, आधीच्या व्हॅनमधले त्यात पडलेले होते. दोन मुलं रडायला लागली, एक पोरगी म्हणाली, "चाचा, डान्सचा आहे, प्लीज." चाचा म्हणाले, नियम. मग ते पुढच्या खिडकीशी आले आणि अम्मोंना हिंदीत म्हणाले की खंजर गाडीतच ठेवून आत जा. त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी पाटी दाखवली. अम्मोंना ती वाचता येत नव्हती.

अम्मो थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ये हथियार नहीं है. ये मेरा कपड़ा है. मैं कपड़ा उतारके अंदर जाऊं?"

चाचा म्हणाले, नियम सबके वास्ते है.

अम्मोंनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसले. फाटकाच्या तोंडात व्हॅन. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि त्या रांगेत पाहुण्यांची गाडीही होती. शेवटी पाहुणे स्वतः उतरून चालत आले. त्यांच्याही कमरेला खंजर. ते खिडकीशी वाकले, अम्मोंशी अरबीत दोन-चार वाक्यं बोलले. मग त्यांनी पाटी पाहिली, खोका पाहिला. खोक्यातून पुठ्ठ्याचा एक खंजर उचलला, रडणाऱ्या मुलाच्या कमरेला आपल्या हाताने लावला, अम्मोंचा हात हातात घेतला आणि दोघं तसेच हातात हात घालून फाटकाकडे निघाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, यांना थांबवायचा काय नाय?"

मी औरंगाबादच्या चौकात माईकशिवाय बोललेली मुलगी. मी खाली वाकून पायाशी पडलेली पिशवी उचलली. तेवढ्यात अध्यक्ष धावत आले, त्यांनी चाचांना खांद्याला धरून बाजूला लोटलं आणि पाहुण्यांसमोर वाकले. कार्यक्रम झाला. नाच झाला. पाहुणे हसतमुखाने भाषण करून गेले. अम्मो शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसले होते आणि मुलांसाठी टाळ्या वाजवत होते.

एवढंच झालं होतं. तक्रार कोणीही केली नाही. ना पाहुण्यांनी, ना अम्मोंनी. पण आमच्या लोकांना घाबरायला तक्रार लागत नाही. दुपारपर्यंत पाटी गायब झाली. संध्याकाळपर्यंत समितीत ठरलं की असा नियम खरं तर नव्हताच, वॉचमनने आपल्या मनाने आगाऊपणा केला, देशाच्या मानचिन्हाचा अपमान केला, आणि त्याला बदलावं असं त्याच्या कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, अपमान म्हणता तर आम्ही त्याला ठेवूच शकत नाही, परत पाठवतो.

चाचा मला शाळेच्या मागच्या रस्त्यावर भेटले, साध्या शर्टात. गणवेश काढून घेतला होता. परत जाण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं, ते म्हणाले, एक दिवस सगळेच जातात. पण त्यांच्या वाडीत घरटी एक माणूस आखातात. चाचा मुंबईला उतरायच्या आधी गावात कळणार की याने तिथल्या लोकांचा अपमान केला म्हणून हाकलला. "चोरी केली असता तरी बरा," ते म्हणाले. "चोरी कोन पन करतो. ह्या लोकांच्या खंजराला हात घातला म्हनून कोन जातो काय परत? माजा भाचा हितंच हाय, साला हाय. त्यांना काय सांगू?"

मी घरी आले ती पेटूनच. दादाला म्हटलं, नियम तू वाचलास, सगळ्यांनी हात वर केले. आता उठ आणि सांग. दादा जेवत होता. म्हणाला, लिहिला कोणी? मी म्हटलं, मी लिहिला, मग मला बोलू द्या, मी आत्ता जाते अध्यक्षांच्या दुकानात. तो म्हणाला, आणि माझी कंपनी, माझा व्हिसा, हिची नोकरी? अपमान हा शब्द इथे सभेत उच्चारायचा? तो शब्द एकदा माझ्या नावाला चिकटला तर? मला त्याचा राग आला, इतका की मी ताट सरकवलं. पण वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी काय काय विकलं ते मला माहीत होतं आणि त्यालाही. आम्ही दोघं एकाच घरातले. फक्त मी रस्त्यावर वाढले आणि तो अभ्यासाच्या टेबलावर.

शुक्रवारच्या वंदनेला मी प्रत्येकाला गाठलं. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी फक्त एवढं म्हणावं की हो, आम्ही केले होते. एक म्हणाले, माझं काँट्रॅक्ट नूतनीकरणाला आलंय. एक म्हणाले, मी त्या दिवशी उशिरा आलो. बंदूकवाले काका म्हणाले, बघ, मी सांगत होतो फौजी माणूस ठेवा, त्याला कळलं असतं कोणाला अडवायचं. काकू म्हणाल्या, एका वॉचमनसाठी एवढं? मी म्हटलं, काकू, शाळेत मुलं सुरक्षित ठेवायची तर आधी त्यांना हे दिसायला हवं की मोठी माणसं आपल्या शब्दामागे उभी राहतात. काकूंनी मला आणखी भात वाढला. आमच्याकडे तोंड बंद करायची ही पद्धत आहे.

वहिनी हे सगळं ऐकत होती. घरी आल्यावर तिने मला एकच विचारलं, पाहुण्याचं नको, असं लिहिलंस तेव्हा तुझ्या डोळ्यासमोर कोण पाहुणा होता? मी म्हटलं, कोट घातलेला. टीव्हीवरचा. ती म्हणाली, हं.

पुढची ओपन फोरम गुरुवारी सकाळी होती. चाचांचं तिकीट त्याच आठवड्यातलं. दादा येईल का, हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तो आला, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच. अध्यक्षांनी "मागच्या अप्रिय घटनेबद्दल" खेद व्यक्त केला आणि जबाबदार व्यक्तीवर कारवाई झाल्याचं सांगितलं. मी मागे भिंतीशी उभी. दादा बसलेला. मला वाटलं, संपलं.

मग तो उठला. तो हिंदीत बोलला, आणि त्याच्या हातात कागद नव्हता. म्हणाला, कारखान्यात ड्रॉइंग चुकीचं निघालं तर आम्ही ज्याने त्याप्रमाणे काम केलं त्याला घरी पाठवत नाही. ड्रॉइंग बदलतो. "वो ड्रॉइंग मैंने यहां पढ़ी थी. आप सबने पास की थी. उस आदमी ने वही बनाया जो हमने मांगा था."

सभागृहात खुसपूस झाली. अध्यक्ष म्हणाले, बिल्कुल, बिल्कुल, मग आपण नियमाची भाषा सुधारू. आणि मग काय झालं सांगू? पाऊण सभा भाषा सुधारण्यात गेली. पारंपरिक वेश वगळून म्हणावं की सांस्कृतिक वस्तू वगळून. पुठ्ठ्याच्या तलवारीचं काय, इतिहासाच्या नाटकात लागते. कर्कटक. बॅट. पुन्हा कोणीतरी कमानीचा विषय काढला, पुन्हा अमेरिका आली, पुन्हा संस्कार आले. लोकांना हुरूप आला. चाचा त्या चर्चेत कुठेच नव्हते. मी मागून विचारलं, त्या वॉचमनचं काय?

अध्यक्षांनी मान वर करून मला शोधलं. "आप किसकी पेरेंट हैं?"

 मग तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली, रात्रपाळी करून आलेली, पांढऱ्या गणवेशातच. तिला सभेत बोलायची सवय नाही. तिने आपल्या मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी सांगितली, जशी मुलं सांगतात तशी. आणि म्हणाली, "मैं पेरेंट हूं. मेरा भी वही सवाल है." आणि खाली बसली नाही. उत्तर येईपर्यंत ती उभीच होती. अध्यक्ष काहीतरी बोलले, पुढच्या सभेत बघू म्हणाले, ती उभी. मग अम्मोंच्याच व्हॅनमधल्या एका मुलाचे वडील उठून उभे राहिले, बोलले काही नाहीत. मग आणखी दोघं. पुढारी कोणी नव्हतं, घोषणा नव्हती. मला तर ते आंदोलन वाटलंच नाही.

अध्यक्षांनी शेवटी मान्य केलं की कंपनीला नवीन पत्र जाईल: सूचना समितीची होती, अपमानाचा हेतू नव्हता, त्याला परत पाठवू नये. शाळेत मात्र तो पुन्हा येणार नाही. का? बरं दिसणार नाही. मी भांडायला पुढे निघाले तेव्हा दादाने माझं मनगट धरलं.

चाचांना कंपनीने रुसैलला एका गोदामाच्या फाटकावर लावलं. दादाच्या कारखान्यापासून लांब नाही. मी आणि दादा एका दुपारी त्यांना भेटायला गेलो. गोदामाला सावली नव्हती. पत्र्याची एक चौकी, तीही तापलेली, आणि समोरून ट्रक जाताना उडणारी धूळ. पण गणवेश होता, खांद्यावरच्या पट्टीसकट. मी त्यांना सांगितलं की हा अन्याय आहे, तुम्हाला त्याच फाटकावर परत नेलं पाहिजे, पुढच्या सभेत आम्ही तीच मागणी करणार. वहिनी बोलेल, आणखी चौघं तयार आहेत.

चाचांनी दादाला खुर्ची दिली, मला नाही दिली. म्हणाले, "गावी मी कळवलाय का कंपनीन् मना मोठ्या जागेवर घातला. गोदाम शाळंपेक्षा मोठा हाय का नाय? आता तू परत ते उकरून काडशील, मग लोक विचारतील कशापाय उकरतात. बाय, तू आता गप बस. माज्यासाठी बस."

मी म्हटलं, पण चूक तुमची नव्हती हे सगळ्यांसमोर यायला नको का? ते म्हणाले, ज्यांना म्हायत हाय त्यांना म्हायत हाय. मग एक ट्रक आला आणि ते उठून फाटक उघडायला गेले. चालकाचे कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले, चालकाला दोनदा खाली उतरवलं. परत आले ते आमच्याकडे नाही, थेट चौकीत. सुपरवायझर फेरीला येतो, तुम्ही आता निघा, असं त्यांनी आतूनच सांगितलं.

गाडीत मी दादाला म्हटलं, निदान अरबीत पाटी लावायला सांगू. निदान पुढच्या वेळी नियम करताना अम्मोंसारखं कोणी तरी सभेत बसलेलं असू दे. निदान मुलांना कोणीतरी नीट सांगू दे की त्या दिवशी फाटकावर झालं काय, ती अजून विचारतात. दादा म्हणाला, लिही. मी वाचतो. आणि गाडी चालवत राहिला. मी पिशवीत कागद शोधत होते, आणि चाचांचा उल्लेख न करता हे कसं लिहायचं, ते मला कळत नव्हतं.